चेहऱ्याचं घासकाम

रंगाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाला काही लावू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. असता तर मी तो पाळला असता. नियम पाळणं हा माझा स्वभाव आहे आणि त्यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल होत असते. पण नियम नव्हता, आणि एका संध्याकाळी आमच्या ठकीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही झोपायच्या आधी चेहऱ्याला काय लावता?"

ठकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. समुद्रापलीकडे एका कंपनीत ती बऱ्या हुद्द्यावर आहे, तिथले लोक तिला आडनावाने हाक मारतात, पण आमच्या घरात ती ठकीच. आमची संध्याकाळ म्हणजे तिची जेवणाची सुट्टी. त्या वेळात तिचा फोन येतो. बायकोच्या फोनवर चित्र धड दिसत नाही, म्हणून फोन माझ्या फोनवर येतो. येतो माझ्या फोनवर, पण असतो आईसाठी.

"कसे आहात बाबा?"

"मजेत."

"तब्येत?"

"उत्तम."

"बरं, आईला द्या."

मी आईला देतो. झालं आमचं बोलणं! यात ठकीचा काही दोष नाही. मलाच बोलता येत नाही. दिवसभर मी ठरवत असतो, आज तिला हे सांगू, ते विचारू. कँटीनमधल्या मांजराला पिल्लं झाली, साहेबांनी खुर्चीवरचा ओला रंग न बघता बैठक मारली, अशा चांगल्या चांगल्या गोष्टी मी तिच्यासाठी राखून ठेवतो. पण पडद्यावर तिचा चेहरा दिसला की सगळं घशाशी अडकतं आणि बाहेर पडतं ते 'मजेत'. मला ठकीची फार आठवण येते. हे एकदा सरळ लिहून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी जो गाढवपणा केला त्याबद्दल वाचकांचं मत थोडं सौम्य राहील.

तर, 'आईला द्या'च्या जागी अचानक हा प्रश्न आला.

"काही नाही लावत," मी म्हणालो.

"काहीच नाही? मग धुता कशाने?"

"साबणाने."

"कुठल्या?"

"न्हाणीघरात जो असेल त्याने."

पलीकडे ठकीने कपाळाला हात लावला. माझ्या गालांवर कसले डाग आहेत, नाकाशेजारी कातडी कशी सुकली आहे, हे तिने मला फोन जवळ-लांब करायला लावून तपासलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे पृष्ठभाग तपासले, माझा पृष्ठभाग पहिल्यांदाच कोणीतरी तपासत होतं. मग ती त्वचेबद्दल बोलायला लागली. त्वचेला थर असतात, दिवसभराची धूळ संध्याकाळी काढावी लागते, झोपेत त्वचा स्वतःची दुरुस्ती करते, त्या दुरुस्तीला मदत लागते. मला त्यातलं फारसं काही समजलं नाही. पण ती माझ्याशी बोलत होती! हातवारे करून, घास हातातच ठेवून, तिची सुट्टी संपेपर्यंत. बायको ओले हात पदराला पुसून फोनसाठी हात पुढे करून उभी होती, ती तशीच राहिली. त्या दिवशी जेवताना मी गुणगुणत होतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

"पॅसेजमधल्या भिंतीचे पोपडे पडलेत, तिला रंग लावा म्हणून मी घसा कोरडा करते," ती म्हणाली, "ते राहिलं, आणि आता आधी तोंड रंगवणार का?"

मी दुर्लक्ष केलं. घरातल्या माणसांना मोठ्या कार्याची कल्पना नसते.

ठकीने पार्सल पाठवलं. ते टपाल खात्यात अडकलं. तिथल्या खिडकीत बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं, "आत काय आहे?"

"चेहऱ्याला लावायचं सामान."

"औषध की प्रसाधन? औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. प्रसाधन असेल तर स्वतःच्या वापरासाठी आहे असं लिहून द्या."

"प्रसाधन," मी हळूच म्हणालो. मागे रांग होती.

"मोठ्याने बोला."

"प्रसाधन!"

"कोणाच्या वापरासाठी?"

"माझ्या."

बाईंनी चष्मा काढला, माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि शेजारच्या खिडकीतल्या गृहस्थांना म्हणाल्या, "अहो, जरा इकडे बघा." त्यांनीही पाहिलं. रांगेतल्या लोकांनी पुढे येऊन पाहिलं. शेवटी सर्वानुमते शिक्का बसला. कारखान्यातून माझ्या सहीखेरीज रंगाचा डबा बाहेर पडत नाही, आणि इथे मला माझं तोंड दाखवून माल सोडवावा लागला. पार्सल बगलेत मारून मी ताठ मानेने बाहेर पडलो आणि पायरी चुकलो.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आधी फेसाने तोंड धुवायचं, मग एक पातळ द्रव, मग एक मलम. आठवड्यातून एकदा रवाळ मलमाने हलकेच घासायचं. इतकं साधं काम. ठकी पलीकडून सूचना देत होती आणि मी फोन आरशाला टेकवून एकेक करत होतो.

"आता चेहरा ओलसर आहे ना बाबा? तसाच राहू द्या, त्यावरच मलम लावा."

इथे माझ्यातला तपासनीस जागा झाला. ओल्या पृष्ठभागावर हात मारायचा? अशा कामावर मी जन्मभर लाल फुली मारली आहे! ओलीवर रंग दिला की तो धरत नाही, फुगतो आणि पुढे पापुद्र्यांनी सुटतो, हे मी नव्या पोरांना भिंतीपाशी उभं करून शिकवतो. पण ठकीशी वाद घातला असता तर ती कदाचित म्हणाली असती, 'जाऊ द्या, आईला द्या.' मी मान डोलावली. आणि फोन बंद झाल्यावर सगळं धुऊन काढून, टेबलफॅनसमोर बसून तोंड खडखडीत वाळवलं आणि मग शास्त्रशुद्ध पद्धतीने पुन्हा लावलं.

शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे अशी: पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा. पहिला हात. वाळू देणे. घासकाम. दुसरा हात. दोन हातांच्या मध्ये घासकाम केल्याशिवाय दुसरा हात धरत नाही, हे रंगाच्या धंद्यातलं लहान मूलही सांगेल. तेव्हा द्रव आणि मलम यांच्यामध्ये मी त्या रवाळ मलमाने गाल, कपाळ आणि नाक व्यवस्थित घासून घेऊ लागलो. रोज. ठकीने आठवड्यातून एकदा सांगितलं होतं, पण ती पडली कचेरीत काम करणारी, पृष्ठभागाचा अनुभव तिला कुठून असणार?

एवढ्यात ही बातमी इमारतीत फुटली. टेबलफॅनसमोर डोळे मिटून बसलेला मी आमच्या खिडकीतून समोरच्या जिन्यावर स्पष्ट दिसत असे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शेजारचे सर्वज्ञ दार न वाजवता आत आले. सर्वज्ञ हे त्यांचं टोपणनाव. त्यांचा मूळ व्यवसाय काय होता ते कोणालाच माहीत नाही, कारण ते प्रत्येक व्यवसायाबद्दल त्यातलेच असल्यासारखे बोलतात.

"मलमांनी काही होत नसतं," ते खुर्ची ओढून म्हणाले. "रक्त खेळायला पाहिजे. चापट्या मारा."

"कोणाला?"

"स्वतःला. दोन्ही गालांवर. अशा." आणि त्यांनी प्रात्यक्षिक माझ्याच गालांवर केलं. घासकामाने आधीच हुळहुळलेल्या माझ्या गालांवर ते रक्त असं काही खेळलं की डोळ्यांतून पाणी आलं. "बघा, लगेच तेज आलं!" सर्वज्ञ म्हणाले.

त्यांच्या पाठोपाठ त्यांची बायको आली, काकडीच्या चकत्या घेऊन. त्या डोळ्यांवर ठेवून मी आडवा पडलो असताना तिने स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला दबक्या आवाजात विचारलं, "वहिनी, सगळं ठीक आहे ना? नाही, या वयात पुरुष एकदम तोंडाकडे लक्ष द्यायला लागला, की... ऑफिसात कोणी नवीन आलंय का?"

"आलंय की," बायको म्हणाली. "मांजर."

इकडे रोज संध्याकाळी ठकी फोन करत होती आणि माझ्याशी बोलत होती. आधी चेहऱ्याबद्दल. मग हळूहळू, मी फेस धूत असताना, ती सहज काहीबाही सांगायला लागली. तिच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. साहेब चांगला आहे पण बोलताना नजर देत नाही. एकदा म्हणाली, "इथे दुपारी सगळे आपापल्या टेबलावर एकटेच जेवतात, बाबा." माझ्या तोंडाला फेस होता म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही, आणि उत्तर द्यावं लागत नसल्यामुळेच ती सांगत राहिली असावी. मांजराच्या पिल्लांची गोष्टही मी एकदाची सांगितली. ती खळखळून हसली. ते हसू ऐकण्यासाठी मी विटेने तोंड घासायलाही तयार होतो. तसं पाहिलं तर जवळजवळ तेच करत होतो.

व्हायचं तेच झालं. कपाळ लालबुंद झालं, गालांचे पापुद्रे सुटायला लागले, नाक कांद्यासारखं सोललं. ठकीला घोर लागला. "मी सांगते तसंच करताय ना?" "अगदी तसंच," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. ती आणखी वेळ बोलू लागली, आणखी प्रश्न विचारू लागली. चेहरा जितका बिघडत होता तितका फोन लांबत होता. मला काही दुःख नव्हतं. जळजळ होत होती, पण ती वेगळी गोष्ट.

आणि मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकावरच्या यंत्राने मला ओळखायला नकार दिला. आमच्याकडे हजेरी तोंड दाखवून लागते. यंत्रासमोर उभं राहायचं, ते हिरवं होतं, आत जायचं. त्या सकाळी ते लाल झालं आणि बाईच्या गोड आवाजात म्हणालं, "ओळख पटली नाही."

मी टोपी काढली. ओळख पटली नाही. हसलो. हसल्यावर तर ते काही वेळ बंदच पडलं. मागच्या लोकांनी कुजबुजायला सुरुवात केली. शेवटी मी हजेरी खात्यातल्या साहेबांकडे गेलो. हे गृहस्थ वर्षानुवर्षं माझ्या डब्यातलं लोणचं खात आले आहेत.

"मी तुम्हाला ओळखतो हो," ते म्हणाले, "पण माझ्या ओळखण्याला काय किंमत आहे? पगार यंत्र काढतं."

"मग नवीन फोटो घ्या."

"चेहरा कायमचा बदलला असेल तरच नवीन फोटो घेता येतो. तात्पुरता बदलला असेल तर जुना चेहरा परत येईपर्यंत थांबावं लागेल. तोपर्यंत गैरहजर. डॉक्टरांकडून लिहून आणा, कायमचा की तात्पुरता."

"आणि तोपर्यंत मी आत जाऊन काम केलं तर?"

ते विचारात पडले. "करा की. फक्त तुम्ही नसताना करताय, असं होईल."

ज्या कारखान्याच्या प्रत्येक डब्यावर माझी सही आहे, त्या कारखान्याच्या लेखी मी अस्तित्वात नव्हतो. अपमान गिळून मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने ठकीएवढ्याच होत्या. सगळ्या बाटल्या मी त्यांच्या टेबलावर मांडल्या आणि माझी कार्यपद्धती सविस्तर सांगितली. पृष्ठभाग कोरडा करणे, पहिला हात, घासकाम, दुसरा हात. सांगता सांगता माझ्या आवाजात थोडा अभिमानही आला असेल.

बाईंनी सगळ्या बाटल्या एका बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "काका, ही भिंत नाहीये."

"पण तत्त्व तेच ना?"

"नाही. सगळं बंद करा. साध्या पाण्याने तोंड धुवायचं आणि हे एक साधं मलम. बाकी कशाला हात लावायचा नाही. आपोआप बरं होईल."

"सगळं?" मी एक बाटली जवळ ओढली. "निदान संध्याकाळचं तरी एखादं राहू द्या की. पातळसं काहीतरी. घासत नाही, शपथ."

"काका, तुम्हाला नेमकं काय हवंय?" त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं. चांगल्या बाई होत्या. पण मला काय हवंय त्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं. मी 'तात्पुरता' असं लिहून घेतलं आणि बाहेर पडलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग मी पुढचा बेत सांगितला, तेव्हा मात्र हसायची थांबली. बेत साधा होता. बाटल्यांत पाणी भरायचं आणि ठकीसमोर तेच लावत राहायचं.

"आणि हे किती दिवस चालवणार?" तिने विचारलं.

मी बाटल्यांची झाकणं उघडायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग उठून स्वतःच बाटल्या विसळायला घेऊन गेली.

पाण्याने मात्र घात केला. चेहरा भराभर सुधारायला लागला. लाली उतरली, पापुद्रे गेले, यंत्र हिरवं झालं. हजेरीसाहेबांनी लोणचं मागितलं. सर्वज्ञ इमारतीत सगळ्यांना सांगत फिरले की हा चापट्यांचा गुण. आणि पडद्यावर ठकी टाळ्या पिटत होती. "बाबा, बघा! मी म्हणत नव्हते? किती छान दिसताय!"

"अजून इथे थोडं आहे," मी हनुवटी पुढे करून म्हणालो.

"कुठे? काही नाही तिथे."

"कानामागे बघ."

"बाबा, कानसुद्धा छान आहेत," ती हसत म्हणाली. "झालं की हो सगळं! आता तुम्हाला सगळं पाठ झालंय. रोज रोज माझी गरजच नाही."

मी बाटलीचं झाकण लावत होतो. ते काही केल्या लागेना. पाण्याची बाटली ती, आटे कशाला घसरायला पाहिजेत, पण घसरत होते. पडद्याकडे बघायचं मी टाळलं आणि म्हणालो, "हो. बरोबर आहे. आईला देतो."

"अगं, ते पाणी लावतात," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "डॉक्टरांनी केव्हाच सगळं बंद केलंय. तुझ्या बापाने तोंड पॉलिशपेपरने घासावं तसं घासून घेतलं होतं, म्हणून सोललं."

पलीकडे ठकीचा हात हवेतच राहिला. मला वाटलं, चित्र अडकलं. पण ठकीच्या मागे खिडकीचा पडदा हलत होता.

"पाणी?" ती म्हणाली. "मग इतके दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून नुसतं पाणी लावत होतात?"

"स्वच्छ होतं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"का पण?"

आता या 'का'ला उत्तर देण्याइतका मी धीट असतो, तर मुळात मलमांची वेळच आली नसती. मी पुन्हा म्हणालो, "थांब, आईला देतो," आणि उठलो.

"बाबा," ठकी म्हणाली, "आईला फोन दिल्यावर तुम्ही कुठे जाता?"

"कुठे जाणार? इथेच असतो."

"इथे म्हणजे?"

"आईच्या मागे. दाराशी."

"काय करता तिथे?"

"उभा असतो." मी हातातली बाटली खाली ठेवली. "तू काय सांगतेस ते ऐकतो. चित्र नाही दिसत तिथून, पण आवाज चांगला येतो."

"रोज?"

"रोज."

ठकीने तोंडावर हात ठेवला. मी घाबरलो, कारण ती लहान असताना रडायच्या आधी असंच करायची. बायको हात पुसत बाहेर आली आणि पॅसेजमधल्या आपल्या खुर्चीवर बसली. मी सवयीने फोन तिच्या हातात दिला आणि दाराकडे वळलो.

"आई, त्यांना थांबव," ठकी म्हणाली. तिचा आवाज धड नव्हता. "बाबा, दाराशी उभं राहायचं नाही. खुर्ची घ्या."

मी आतून खुर्ची आणली. आमचा पॅसेज अरुंद, दोन खुर्च्या शेजारी बसत नाहीत, म्हणून बायकोने आपली खुर्ची भिंतीपर्यंत सरकवली. भिंतीचे दोन पोपडे तिच्या खांद्यावर पडले. मी बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात आम्ही दोघं दिसत होतो, बायको पूर्ण आणि मी एक कान व अर्धा गाल.

"बाबा, अजून आत या," ठकी नाक ओढत म्हणाली. "नीट दिसत नाही आहात तुम्ही."

मी आत सरकलो.